कॉफी ब्रूअरचा बोर्ड बदलण्याआधी पाणी मोजा

प्रश्न: महाबळेश्वरला आमचं छोटं हॉटेल आहे. नाश्त्यासाठी २.२ लिटरचा, आपोआप पाणी घेणारा ड्रिप कॉफी ब्रूअर आहे. त्याला पाणी भिंतीवरच्या आरओमधून दिलंय. पावसाळ्यात हॉटेल बंद असतं. यंदा पुन्हा सुरू केल्यापासून थर्मास पूर्ण भरत नाही, लागोपाठची दुसरी कॉफी कोमट येते, ब्रू संपल्यावरही फनेलमधून थेंब पडत राहतात, वाफही येते आणि मधूनच आरसीसीबी (वीज अर्थकडे गळली की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होतो. मेकॅनिक कंट्रोल बोर्ड बदलायला सांगतोय. बदलावा का?

उत्तर:

आत्ता बदलू नका. चार तक्रारींपैकी एकीवरूनही बोर्ड गेलाय असं म्हणता येत नाही. पहिल्या तीन तक्रारी पाण्याचा दाब, तापमान आणि व्होल्टेज यांच्याशी जुळतात, चौथी पावसाळ्यातल्या दमटपणाशी. हे पडताळायला मापाचं भांडं, घड्याळ, १०० अंशांपर्यंत मोजणारा डिजिटल थर्मामीटर आणि मल्टीमीटर एवढं पुरतं. मेकॅनिककडे क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजणारं) आणि मेगर (वीज कुठे गळते का ते तपासणारं) असेल तर उत्तमच.

आधी मशीन काम कसं करतं ते नीट डोक्यात बसवा, कारण सगळं निदान त्यावर चालतं. या प्रकारच्या ब्रूअरमध्ये पाच-सात लिटरची स्टीलची टाकी असते आणि ती कायम गरम पाण्याने भरलेली असते. बटण दाबलं की टायमर इनलेटचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेने उघडणारा पाण्याचा व्हॉल्व्ह, ठरावीक वेळ उघडा ठेवतो. गार पाणी एका नळीतून टाकीच्या तळाशी सोडलं जातं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या बाजूने ढकललं जाऊन स्प्रेहेडमधून, म्हणजे वरच्या भोकांच्या झारीतून, कॉफीवर पडतं. गरम पाण्याला वेगळा पंप नाही, पाणी मोजणारं मीटरही बहुतेक मॉडेलांत नाही. मशीनला लिटर कळत नाहीत, फक्त सेकंद कळतात. तेवढ्या सेकंदांत नळातून जितकं पाणी आत आलं, तितकीच कॉफी बाहेर येणार.

म्हणून पहिली चाचणी अशी. फनेल आणि त्यातला फिल्टरचा कागद काढा, कॉफी टाकू नका. स्प्रेहेडखाली तीन लिटरचं भांडं ठेवून ब्रू सुरू करा. किती मिलिलिटर पाणी आलं आणि व्हॉल्व्ह बंद व्हायला किती सेकंद लागले, दोन्ही लिहून ठेवा. अशा तीन खेपा घ्या, मध्ये पाणी पुरतं तापू द्या. पाणी उसळून उडतं, हात आणि तोंड लांब ठेवा.

तिन्ही वेळा सेकंद सारखे आणि पाणीही सारखंच कमी आलं, तर टायमरची वेळ कमी लावलेली आहे किंवा वाटेत कायमचा अडथळा आहे. सेकंद सारखे पण पाणी दर खेपेला वेगळं, तर दाब डळमळीत आहे. सेकंदच बदलत असतील, तरच टायमर किंवा बोर्डावर संशय घ्या. एक हिशेब मात्र विसरू नका. कॉफीची पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते. २.२ लिटर पाण्याला लिटरमागे ५५ ग्रॅम या प्रमाणाने १२० ग्रॅम पूड लागते, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर पाणी चोथ्यातच राहतं. थर्मासमध्ये १.९५ लिटर उतरलं तर तो बिघाड नव्हे.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय त्या भिंतीवरच्या आरओवर आहे. बहुतेक ब्रूअरना चालू प्रवाहात साधारण १.४ ते ६ बार दाब लागतो. इनलेट व्हॉल्व्हमध्ये रबराची एक लहान चकती असते. दाब वाढला की ती आकसते, कमी झाला की सैल होते, आणि त्यामुळे प्रवाह एकसारखा राहतो. पण १.४ बारच्या खाली ती काहीच करू शकत नाही, मग पाणी जसं येईल तसं येतं. घरगुती आरओच्या टाकीत आठ-दहा लिटर पाणी असतं आणि ते निव्वळ उंचीवरून खाली येतं. एक मीटर उंची म्हणजे ०.१ बार, तेव्हा मशीनच्या वर अर्धा मीटर टांगलेल्या आरओचा दाब ०.०५ बार. शिवाय आरओचा ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलनचा) मेम्ब्रेन दिवसाला सुमारे २८४ लिटर देतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम २०० मिलिलिटर. साडेचार मिनिटांत २.२ लिटर भरायचं तर मिनिटाला ४९० मिलिलिटर यायला हवेत. नाश्त्याच्या गर्दीत आरओची टाकी उतरत जाते, तसा थर्मासही रिकामा राहत जातो. प्रवाह मिनिटाला ३०० मिलिलिटरवर आला की त्याच साडेचार मिनिटांत फक्त १.३५ लिटर पाणी येतं. गच्चीवरच्या टाकीची लाइन थेट जोडूनही हे सुटत नाही. १.४ बार मिळवायला टाकी मशीनच्या १४ मीटर वर हवी, म्हणजे जवळपास चार मजले.

उपाय असा: आरओचं पाणी आधी २०-२५ लिटरच्या झाकणबंद टाकीत साठवा. त्यापुढे प्रेशर स्विच असलेला छोटा डायफ्राम पंप बसवा, दोन ते तीन बारवर बंद होणारा. पंपानंतर एक-दोन लिटरची प्रेशर टाकी असली तर पंप दर सेकंदाला चालू-बंद होत नाही आणि प्रवाह सारखा राहतो. साठवण टाकीत फ्लोट स्विच हवाच, नाहीतर टाकी संपल्यावर पंप कोरडा फिरतो. हे बसवल्यावर टायमर पुन्हा लावावा लागेल. कमी दाबाला जुळवून कुणी आधीच वेळ वाढवून ठेवली असेल, तर नव्या दाबावर कॉफी ओसंडून ओट्यावर येईल. म्हणून पंप लावल्यावर पहिली खेप मोठ्या भांड्यातच घ्या.

दाब मोजताना मेकॅनिक नळ बंद असताना गेज बघतात आणि "दाब आहे" म्हणतात. तो आकडा उपयोगाचा नाही. लाइनवर टी (तीन तोंडांचा जोड) घालून गेज बसवा आणि व्हॉल्व्ह उघडा असताना काटा कुठे पडतो ते बघा. स्थिर असताना दोन बार आणि व्हॉल्व्ह उघडताच अर्धा बार, असं दिसलं तर पाइप बारीक आहे, कुठेतरी मुरडलाय किंवा फिल्टर तुंबलाय. इनलेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जाळी असते. ती पकडीने काढून ब्रशने धुवा. पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यावर ती सर्रास तुंबते. ती काढून फेकून मात्र देऊ नका. जाळी नसली की वाळूचा कण थेट व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसतो आणि थेंब पडायला लागतात.

आता तुमच्या थेंबांकडे. याचं निदान प्लग काढून होतं. मशीन बंद करून भिंतीतला प्लग काढा, पाण्याची लाइन चालू ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. वीज नसतानाही थेंब त्याच गतीने पडत राहिले, तर इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नाही: कण अडकलाय, रबर कडक झालंय किंवा स्प्रिंग थकलीय. वीज काढताच थेंब लगेच थांबले, तर व्हॉल्व्हच्या कॉइलला नको तेव्हा वीज मिळतेय, म्हणजे रिले (बोर्डावरचा विजेचा स्विच) किंवा टायमर चिकटलाय. आणि हळूहळू, पाणी निवेल तसे थांबले, तर व्हॉल्व्हही ठीक आणि बोर्डही ठीक, टाकीतलं पाणी उकळतंय.

तुमच्याकडे वाफही येते म्हणता, म्हणून तिसरी शक्यता मला सगळ्यात जवळची वाटते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० ऐवजी साधारण ९५.५ अंशांना उकळतं. ब्रूअर कारखान्यातून येतो तेव्हा थर्मोस्टॅट बहुधा ९३ ते ९६ अंशांच्या दरम्यान लावलेला असतो. मुंबईत ९६ चालतो, कारण उकळायला अजून चार अंश बाकी असतात. तुमच्याकडे पाणी ९६ अंशांना कधी पोचतच नाही. थर्मोस्टॅट तापमानाची वाट बघत राहतो, हीटर बंदच होत नाही, टाकी तासन्‌तास खदखदते आणि बुडबुडे पाणी स्प्रेहेडमधून थोडं थोडं बाहेर ढकलत राहतात. वाफ मशीनच्या आत वर चढते आणि वायरींच्या टोकांवर, स्विचवर, बोर्डावर दव धरते. आरसीसीबी मधूनच ट्रिप होण्याचं एक कारण इथेच दडलेलं असू शकतं.

क्लॅम्प मीटरने हे पाच मिनिटांत कळतं. २ किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. मशीन तापून अर्धा तास झाल्यावरही क्लॅम्पवर ८.७ दिसत असेल आणि मध्ये कधी शून्य होत नसेल, तर थर्मोस्टॅटचा नॉब किंवा स्क्रू सगळ्यात खाली फिरवा. करंट तुटला, तर थर्मोस्टॅट चांगला आहे, फक्त वर लावलेला आहे. नाही तुटला, तर त्याचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, थर्मोस्टॅट बदला. इलेक्ट्रॉनिक मॉडेलमध्ये ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा रिले अशाच प्रकारे चिकटतो, आणि तिथे मात्र बोर्डाचा दोष मान्य करावा लागेल.

महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर सेटिंग ९२ अंशांपर्यंत आणा. उकळबिंदूच्या तीन-चार अंश खाली राहणं पुरेसं आहे, आणि ब्रूसाठी ९२ ते ९६ ही पट्टी मानली जाते, त्यामुळे चवीचंही नुकसान नाही. स्क्रू एका वेळी पाव फेरीच फिरवा, हीटर दोनदा चालू-बंद होऊ द्या आणि मगच मोजा. तापमान मोजायचं ते स्प्रेहेडच्या अगदी खाली, पडत्या धारेत, ब्रूच्या पहिल्या मिनिटात. टाकीच्या पत्र्याला बाहेरून लावलेल्या थर्मामीटरवर विसंबू नका.

दुसरी खेप कोमट का, हे आता गणितानेच दिसेल. हिवाळ्यात तुमच्याकडे नळाचं पाणी १५ अंशांचं धरू. २.२ लिटर पाणी १५ वरून ९२ अंशांवर न्यायला ७०० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, म्हणजे २ किलोवॉटच्या हीटरला जवळपास सहा मिनिटं. व्होल्टेज १९० वर उतरलं तर हीटरची ताकद त्या प्रमाणात नव्हे, वर्गाच्या प्रमाणात घटते. २,००० वॉटचे १,३६५ वॉट उरतात आणि तेच काम साडेआठ मिनिटांवर जातं. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही. तयार असल्याचा दिवा लागायच्या आत वेटरने दुसऱ्यांदा बटण दाबलं, तर पहिलं लिटरभर पाणी गरम आणि पुढचं कोमट येणारच. सकाळी साडेआठला, गिझर चालू असताना, ब्रूअरच्याच सॉकेटवर व्होल्टेज मोजा. रात्री अकराचा आकडा घेऊ नका. २१०च्या खाली जात असेल, तर मशीनला १६ अँपिअरच्या सॉकेटपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर ओढा. एवढं करूनही पडत असेल, तर कमी व्होल्टेज बाहेरूनच येतंय आणि ३ केव्हीएचा स्टॅबिलायझर लागेल.

व्होल्टेज ठीक असूनही पहिल्याच खेपेच्या शेवटी पाणी गार येत असेल, तर टाकीच्या आतली गार पाण्याची नळी तपासा. ती तळापर्यंत पोचलेली हवी. तुटून वर राहिली असेल, तर गार पाणी तळाशी न जाता वरच्या गरम पाण्यात मिसळतं आणि तसंच बाहेर पडतं. हा दोष हीटर बदलून, थर्मोस्टॅट बदलून जात नाही, आणि झाकण उघडल्याशिवाय दिसतही नाही. थर्मासही आधी गरम पाण्याने विसळून घ्या. गार थर्मास कॉफीचे काही अंश सहज खातो.

हीटरच्या टोकांना मात्र स्वतः डोळ्यांनी बघा. प्लग काढा, पुढचं पॅनेल उघडा आणि हीटरच्या पिनांवरचे लग, म्हणजे वायरच्या टोकांना दाबून बसवलेले धातूचे जोड, टॉर्चने तपासा. चांगला लग पितळी, चकचकीत आणि घट्ट असतो. सैल झालेला आधी मंद तांबूस दिसतो, मग त्यावरची नायलॉनची टोपी पिवळी, तपकिरी आणि ठिसूळ होते. बोट लावलं की तिचा भुगा पडतो, वायरची तांब्याची केसं काळी पडलेली असतात आणि इन्शुलेशन इंचभर मागे आकसलेलं असतं. अशा टोकावर अर्धं व्होल्टेज वाया जात नसलं, तरी उष्णता टाकीत जाण्याऐवजी लगवरच होते, आणि एक दिवस वायर गळून पडते. जळकी वायर पूर्ण कापून काढा, काळं पडलेलं तांबं पुन्हा क्रिम्प करू नका. नवा लग उष्णता सोसणारा घ्या आणि वायर फायबरग्लास किंवा सिलिकॉनच्या वेष्टणाची. साधी पीव्हीसी वायर तिथे टिकत नाही.

आता आरसीसीबी. एमसीबी पडला तर शॉर्ट किंवा जास्तीचा भार, आरसीसीबी पडला तर वीज अर्थकडे गळतेय, हा फरक आधी लक्षात घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३०च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. त्याच आरसीसीबीवर फ्रिज, गिझर, मिक्सर असतील तर सगळ्यांची थोडी थोडी गळती जमा होते आणि आळ ब्रूअरवर येतो. ब्रूअर एकटाच असताना पडतो का ते बघा.

एकट्यानेही पडत असेल, तर प्लग काढून हीटरच्या दोन्ही वायरी सोडवा, टोकं टेपने गुंडाळा आणि मशीन सुरू करा. आरसीसीबी टिकला तर दोष हीटरमध्ये. पावसाळाभर बंद राहिलेल्या मशीनचं हे नेहमीचं दुखणं आहे, महाबळेश्वरला आणि कोकणात तर विशेष. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. टोकाचं सील थोडं जरी उघडलं, तरी ही पूड हवेतला ओलावा ओढून घेते. पूड कोरडी असते तेव्हा वीज रोखते, ओली झाली की सोडते. ५०० व्होल्टच्या मेगरने हीटरची पिन आणि बॉडी यांच्यात मोजा. १ मेगाओहमच्या वर हवं, चांगल्या हीटरला दहापटींनी जास्त मिळतं. अर्धा मेगाओहम किंवा त्याखाली असेल, तर हीटर बाहेर काढून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन-चार तास वाळवा, निवल्यावर पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर टोकांना उष्णता सोसणारं सिलिकॉन सील लावा आणि वापरा. जागचा हलला नाही तर नळीला बारीक छिद्र किंवा तडा आहे, नवा हीटर घ्या. पिन ते पिन रेझिस्टन्सही मोजा: २ किलोवॉटला सुमारे २६ ओहम, ३ किलोवॉटला १७-१८ ओहम. अनंत आलं तर तार तुटलेली आहे.

आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून अर्थची वायर काढून ठेवणं किंवा आरसीसीबी बायपास करणं, हे स्वयंपाकघरांत घडतं आणि माणसं त्याने मरतात. स्टीलची बॉडी, ओली फरशी, ओले हात, एवढं सगळं तिथे एकत्र असतं. वीज चालू ठेवून करायच्या सगळ्या मोजण्या परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

क्षाराचा विषय तुमच्याकडे कदाचित छोटा असेल, कारण आरओचं पाणी आहे. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या हॉटेलांत मात्र निम्मी दुखणी त्याचीच असतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. पाण्यातलं विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे हीटरवर, चिकटतं. तिथून ते थर्मोस्टॅटच्या बल्बवर आणि स्प्रेहेडच्या नळीत पसरतं. बल्बवर थर बसला की त्याला तापमान उशिरा कळतं, त्यामुळे पाणी आधी फार तापतं आणि मग फार निवतं. हीटरवर थर बसला की टाकी गुरगुरते. तो आवाज म्हणजे थराखाली अडकलेल्या पाण्याचं फुटकळ उकळणं. स्प्रेहेडची भोकं बुजली की ब्रूनंतर कॉफीचा थर उघडून बघा: मधोमध खड्डा, कडेला कोरडी पूड. अशी कॉफी पातळही लागते आणि कडूही, कारण मधल्या पुडीतून गरजेपेक्षा जास्त उतरतं आणि कडेच्या पुडीतून काहीच नाही.

काढायची पद्धत: प्लग काढा, पाणी निवू द्या, टाकी रिकामी करा. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून टाकीत भरा. ५०-६० अंशांच्या वर तापवू नका. उकळत्या द्रावणात कॅल्शियम सायट्रेटची पांढरी साय तयार होते आणि एक क्षार काढताना दुसरा बसतो. १०० ग्रॅम क्षार विरघळायला साधारण १४० ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागतं. पाच लिटर टाकीत २५० ग्रॅम घातलं, तर जास्तीत जास्त पावणेदोनशे ग्रॅम क्षार निघेल. बुडबुडे थांबले आणि थर अजून दिसतोय, तर ॲसिड संपलंय, ताजं द्रावण घाला. तासाभराने काढून टाका आणि तीनदा स्वच्छ पाण्याने टाकी धुवा. स्प्रेहेडच्या नळीत लांब, लवचिक स्प्रिंग घालून ती आत टाकीपर्यंत पुढे-मागे सरकवा, नळीच्या वळणातला खडा नुसत्या ॲसिडने निघत नाही. बाथरूमचं ॲसिड चुकूनही वापरू नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलला छिद्रं पाडतं. आणि टाकी पूर्ण भरून स्प्रेहेडमधून पाणी येईपर्यंत हीटर चालू करू नका. कोरडा हीटर काही सेकंदांतच जातो, नशीब चांगलं असेल तर हाय-लिमिट कटआउट (फार तापताच वीज तोडणारा स्विच) आधी तुटतो. त्याचं लाल बटण दाबून रीसेट होतं, पण कटआउट का तुटला हे शोधल्याशिवाय दाबू नका.

क्षार नको म्हणून आरओमधून पाण्यातले सगळेच क्षार काढून टाकणंही बरं नाही. ब्रूसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १५०च्या आसपास उत्तम, ७५ ते २५० चालतं. आरओमधून २०-२५ येत असेल तर कॉफी सपक लागते. त्यातून तुमच्या मशीनमध्ये पाण्याची पातळी ओळखणारा धातूचा प्रोब असेल, तर आणखी एक भानगड होते. प्रोब पाण्यातून वाहणाऱ्या अगदी क्षीण विजेवर चालतो. क्षारच नसलेल्या पाण्यातून वीज जात नाही, प्रोबला टाकी रिकामीच वाटते आणि पाणी भरून वाहायला लागतं. आरओवरचा टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू फिरवून १००-१५० वर आणा. मिठावर चालणारा सॉफ्टनर हा पर्याय ड्रिप ब्रूअरला मी सुचवणार नाही. सोडियम बायकार्बोनेटचं पाणी पुडीतून फार हळू उतरतं आणि फनेल भरून वाहतो.

फनेल ओसंडायचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण मात्र वेगळंच असतं: चिकोरी. दुकानातली फिल्टर कॉफी पूड बारीक असते आणि कायद्याने तीत ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी पाणी पिऊन फुगते आणि कागदाची भोकं बुजवते. या मशीनला शुद्ध कॉफीच घ्या, दळण जाड रव्यासारखं, १२० ग्रॅम, कागद मशीनच्या मापाचाच. पाणी पूर्ण निथळायला चार ते सहा मिनिटं लागली की दळण बरोबर.

बोर्डाकडे शेवटी या. ब्रूचं बटण दाबल्यावर इनलेट व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर २३० व्होल्ट येतात का, हे वायरमनकडून मोजून घ्या. येतात आणि व्हॉल्व्ह उघडत नाही, तर व्हॉल्व्ह बदला. अशा कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ५ किलो-ओहम असतो. व्होल्टेज येतच नसेल, तर आधी बटण, फनेलचा लॉक स्विच आणि तापमानाचा सेन्सर बघा. १० किलो-ओहमचा सेन्सर २५ अंशांना १० किलो-ओहम आणि ९० अंशांना मॉडेलप्रमाणे ९०० ते १,३०० ओहम दाखवतो. तो आतून तुटून ओपन सर्किट झाला असेल तर बोर्ड मुद्दामच हीटर आणि ब्रू बंद ठेवतो. बोर्ड काढलाच तर मागची बाजू बघा. उबेला आलेली झुरळं रिलेच्या पायांमध्ये अडकून शॉर्ट करतात. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून वाळवल्यावर बरेच बोर्ड पुन्हा चालतात. हे सगळं झाल्यावरही कॉइलपर्यंत वीज पोचत नसेल, तर बोर्ड खुशाल बदला.

दुरुस्ती संपली की पहिली चाचणी पुन्हा घ्या: कॉफीशिवाय तीन खेपा. आलेलं पाणी, सेकंद, पहिल्या मिनिटाचं तापमान, सॉकेटचं व्होल्टेज आणि तारीख, हे पाच आकडे एका चिठ्ठीवर लिहून मशीनच्या पाठीला चिकटवा. पुढच्या पावसाळ्यात बंद करताना टाकी रिकामी करा, लाइनचा नळ बंद करा आणि झाकण थोडं उघडं ठेवा. पुन्हा सुरू करायच्या दिवशी आधी मेगर, मग पाणी आणि शेवटी वीज, याच क्रमाने जा.